विहिरीतली धाव

मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेला अंडाकृती मार्ग आमच्या हुबळी-धारवाडाने कधी पाहिला नाही. गवयांचे गाव, पेढ्याचे गाव, रेल्वेच्या कारखान्याचे गाव अशी या जुळ्या शहरांची ओळख. तिच्यात शर्यतीच्या मैदानाला जागा नाही. असे असूनही आमच्या पिढीने मोटारींची धाव पाहिली आहे, आणि तीही अगदी डोळ्यांसमोर हाताच्या अंतरावर. चार दिवसांत उभी राहणारी आणि जत्रा उठली की फळीफळीने उकलून लॉरीत चढणारी ती धाव म्हणजे ‘मौत का कुआँ’. मोटेच्या विहिरीला बैलांसाठी धाव असते, ती विहिरीच्या बाहेर. इथे धाव विहिरीच्या आत, आणि तीही उभ्या भिंतीवर.

आम्ही हा खेळ प्रथम पाहिला तो १९६८ च्या सुमारास, वडिलांचे बोट धरून, महाशिवरात्रीला सिद्धारूढ स्वामींच्या मठाच्या जत्रेला गेलो असता. बाहेर फळकुटाच्या माचावर एक जावा फटफटी चाके हवेत ठेवून गरगरत होती. ही जावा आपल्याच म्हैसुरात बनते, असे वडिलांनी कौतुकाने सांगितले. लाकडी जिना चढून कठड्यावरून आत वाकलो. स्वार तळातल्या उतरत्या पट्ट्यावर दोन फेऱ्या मारून भिंतीवर चढला, आणि सगळी विहीर खालपासून वरपर्यंत थरथरू लागली. कठड्यापाशी येऊन त्याने वडिलांच्या हातातली एक रुपयाची नोट ओढून नेली. त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. हा खेळ कोठून आला, हा प्रश्न मात्र मनात आला तो पुढे चाळीस वर्षांनी, निवृत्तीच्या उंबरठ्यावर.

त्याचे मूळ शोधू गेल्यास आपण थेट मोटारशर्यतीच्या बाल्यावस्थेत जाऊन पोहोचतो. १९०३ च्या कायद्याने इंग्लंडातील रस्त्यांवर ताशी वीस मैलांची मर्यादा घातली होती. मोटारी तर त्याहून कितीतरी वेगाने धावू लागल्या होत्या. तेव्हा ह्यू लॉक किंग या धनिकाने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने, ब्रुकलँड्स येथे पावणेतीन मैलांचा काँक्रीटचा मार्ग बांधला. १९०७ साली तो खुला झाला. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून तेथे मार्गाची बाहेरची कड सुमारे तीस फूट उचलून घेतली होती. उचललेल्या वळणाची हीच कल्पना आमच्या विहिरीची पणजी होय. दोन वर्षांनी अमेरिकेत इंडियानापोलिसचा अडीच मैलांचा मार्ग झाला. त्याची खडी-डांबराची जमीन पहिल्याच मोठ्या शर्यतीत उखडली आणि माणसे मेली. मग त्याच वर्षी सुमारे बत्तीस लाख विटा अंथरून तो पक्का करण्यात आला.

वीट आणि काँक्रीट ही खर्चाची कामे. लाकूड त्या मानाने स्वस्त. जॅक प्रिन्स नावाचा एक जुना इंग्रज सायकलपटू सायकलशर्यतींचे लाकडी मार्ग बांधण्यात तरबेज होता. १९१० मध्ये लॉस एंजेलिसजवळ प्लाया देल रे येथे त्याने मोटारींसाठी एक मैल घेराचा गोल लाकडी मार्ग उभा केला. पाठोपाठ अमेरिकेत ठिकठिकाणी असे मार्ग झाले. बहुतेकांत दोन इंच बाय चार इंचांच्या फळ्या कडेवर उभ्या ठेवून खिळ्यांनी जोडलेल्या असत. पाऊस, ऊन आणि तेल यांनी ते लाकूड थोड्याच वर्षांत कुजे. वर शर्यत चालू असताना खाली सुतार फळ्या ठोकत असत, हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. त्याचे कारण पुढे येईल.

फटफट्यांसाठी याहून लहान आणि अधिक उभे मार्ग झाले. साठ अंशांपर्यंत कललेली वळणे, आणि वरच्या कडेला अगदी लगटून प्रेक्षक. त्यांवर स्वार पडत, मरत, आणि शर्यती चालू राहत. ८ सप्टेंबर १९१२ रोजी न्यूअर्क येथे एडी हाशा या स्वाराची गाडी कठड्यावर जाऊन आदळली. तो गेला, मागचा एक स्वार गेला आणि कठड्याशी वाकून पाहणारे काही प्रेक्षकही गेले. तेव्हा कोठे वर्तमानपत्रांनी या मार्गांना खुनी मैदाने म्हणावयास आरंभ केला. न्यूअर्कचा मार्ग बंद पडला. लाकडी मार्गांचे एकंदर युग १९३० च्या दशकाच्या आरंभी संपले. त्यात मृत्यूंइतकाच कुजक्या फळ्यांच्या खर्चाचाही वाटा होता.

दरम्यान या मार्गाची एक धाकटी पाती जत्रेत शिरली होती. कोनी आयलंडसारख्या करमणुकीच्या ठिकाणी फिरत्या खेळवाल्यांनी लाकडी मार्ग लहान लहान करत नेला. घेर आवळला तशी भिंत उभी होत गेली, आणि १९१५ च्या आसपास ती सरळ नव्वद अंशांत उभी राहिली. शर्यत संपली, धाव उरली. १९२९ मध्ये हा खेळ इंग्लंडात पोहोचला. आमच्या मुलखाला फिरत्या तंबूंची सवय जुनीच. कुरुंदवाड संस्थानातील अश्वविद्येचे जाणकार विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये सर्कस उभी केली, तेव्हापासून रिंगण, खेळ आणि तिकीट यांची जोडी आपल्या लोकांच्या अंगवळणी पडली होती. विलायती विहीर त्या वाटेवर सहज रुळली.

या विहिरीचे गणित अवघड नाही. तिचा व्यास चाळीस फूट धरला आणि चाकाची फळीवरची पकड बरी असली, तर न घसरता फिरण्यास ताशी सुमारे ३६ किलोमीटर वेग लागतो. त्या वेगात स्वाराला आपले वजन जवळजवळ दुप्पट झाल्यासारखे भासते. भिंतीवरचा भार याहून बोलका आहे. माणसांसह आठशे किलो वजनाची मारुती गाडी प्रत्येक क्षणी तेराशे किलोहून अधिक भाराने फळ्या बाहेर रेटते, आणि हा भार फिरता असतो. एक बोल्ट सैल झाला की शेजारच्यावर ताण येतो. म्हणून प्रत्येक फळीवर रंगाने आकडा घातलेला असतो आणि बाहेरून तारेचे दोर आवळलेले असतात. आकडा चुकला, दोर ढिला राहिला, तर वरून पाहणाऱ्यास काहीही दिसत नाही.

आता सांगावयाचे ते आमच्याच दप्तरातले. १९९२ च्या सुमारास आम्ही एका तालुका कचेरीत शिरस्तेदार होतो. ग्रामदेवतेची जत्रा दोन दिवसांवर आली होती. विहिरीच्या परवान्याचा कागद आमच्या मेजावर आला, त्यासोबत बांधणी तपासली असून ती सुरक्षित आहे असा अभियंत्याचा दाखलाही होता. त्याच सकाळी कचेरीत येताना आम्ही मैदानावरून आलो होतो. फळ्या अजून लॉरीतच होत्या. जी विहीर उभीच राहिली नव्हती, तिची तपासणी झाली होती. हे आम्हांस दिसले, कळलेही. पण जत्रेचे पंच बाहेर बाकावर बसले होते, आणि कागदाला कागद जुळत होता. आम्ही टिपणी लिहिली, परवाना निघाला.

जत्रेच्या तिसऱ्या संध्याकाळी एक फळी आत झुकली आणि विशीतला एक स्वार तळात कोसळला. मांडीचे हाड मोडले. त्याला हुबळीला नेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या स्वारावर खेळ पुन्हा सुरू झाला. चौकशी झाली नाही, कारण तक्रार कोणी केलीच नव्हती. त्या रात्री आम्ही परवान्याची प्रत काढून वाचली. अटी अकरा होत्या. आगीसाठी वाळूच्या बादल्या, स्त्रियांसाठी निराळी वाट, गॅलरीत किती माणसे चढवावीत, कर्णा रात्री किती वाजता बंद करावा, सर्व काही होते. आत फिरणाऱ्या माणसाविषयी एक ओळही नव्हती. न्यूअर्कला प्रेक्षक मेले तेव्हा जग जागे झाले. आमच्या अकरा अटींनीही प्रेक्षकापुरतेच पाहिले होते.

पुढच्या नोकरीत जत्रेचा कागद आला की आम्ही आधी मैदानावर जात असू. बांधणी पूर्ण झाल्यावरच तपासणी व्हावी आणि स्वारांच्या विम्याचा कागद जोडावा, अशा दोन अटी आम्ही टिपणीत घालू लागलो. एकदा एका मालकाने या अटी ऐकून खेळ दुसऱ्या तालुक्यात नेला. गावकरी आमच्यावर रुसले आणि त्यांचे आम्हांस वाईटही वाटले. त्या मालकाच्या स्वारांचे तिकडे काय झाले असेल, हा विचार आजही पिच्छा सोडत नाही. अट घातल्याने आमची टिपणी स्वच्छ झाली. माणूस वाचला असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

शर्यतीच्या मार्गाची थोरली पातीही भारतात वाढली. मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकालीन विमानतळावर शर्यती होत. त्यानंतर इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरचा कारी मार्ग आणि २०११ मध्ये दिल्लीजवळचा बुद्ध मार्ग झाला. तेथे शर्यत चालू असता वैद्य आणि रुग्णवाहिका सज्ज असतात, आणि स्वार शिरस्त्राणाशिवाय गाडीत बसू शकत नाही. एकाच घराण्यातल्या या दोन पाती. थोरलीला नियम मिळाले, धाकटीला टाळ्या आणि नोटा.

आपल्या जुन्या कुटुंबांपैकी अनेकांनी हुबळीच्या, धारवाडच्या आणि शिरसीच्या जत्रांतून ही विहीर पाहिली असेल. तिची हस्तपत्रके, छायाचित्रे, तिकिटे घरच्या ट्रंकेत पडून असतील, तर ती मंडळाकडे द्यावीत. एखाद्या स्वाराचे नाव, गाव कोणास आठवत असल्यास तेही लिहून पाठवावे. त्या तालुक्यातील स्वाराचे नाव आमच्या कागदात कोठेही नव्हते, आणि आम्ही ते त्या वेळी विचारले नाही.