लघुरेल्वेचा छंद आणि स्थानिक इतिहासाची नोंद : पेण–रोहा लोहमार्गाच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

कागदपत्रे, शिलालेख, नाणी, वास्तू, छायाचित्रे आणि मौखिक परंपरा ही इतिहासलेखनाची सर्वमान्य साधने आहेत. एखाद्या हौशी माणसाने आपल्या घरातील लाकडी फळीवर उभारलेली लघुरेल्वे मात्र या यादीत सहसा येत नाही. तिची गणना खेळण्यांत किंवा फार तर छंदात होते. तथापि रूळ, गाड्या, स्थानक, पूल, डोंगर व वस्ती यांसह प्रमाणबद्ध उभारलेली मांडणी, म्हणजे ज्याला छांदिष्ट मंडळी ‘लेआउट’ म्हणतात, ती एका विशिष्ट स्थळाविषयी व काळाविषयी केलेले विधानच असते. या मांडणीवर गंज, धूळ, ओल, शेवाळ, तेलाचे डाग इत्यादी खुणा जाणीवपूर्वक उमटविण्याच्या प्रक्रियेला ‘वेदरिंग’ असे नाव आहे. आपण तिला ‘जुनेपणा देणे’ असे म्हणू.

जुनेपणा देण्याची ही प्रक्रिया केवळ सजावटीची नसून काळाच्या खुणा वाचण्याची एक शिस्त आहे, आणि म्हणून स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाला ती उपयोगी पडू शकते, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे. विवेचनासाठी रायगड जिल्ह्यातील पेण–रोहा लोहमार्गाचा परिसर आधाराला घेतला आहे. येथील रेल्वेचे स्वरूप अवघ्या चार दशकांत आमूलाग्र बदलले, तसेच साचा, प्लास्टर आणि रंग यांची मोठी कारागिरी पेणमध्ये नांदते, ही त्यामागील दोन कारणे होत.

खेळण्यापासून नोंदीपर्यंत

जर्मनीतील मेर्कलिन या कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत रुळांसह खेळण्यातील रेल्वेचा संच मांडला आणि रुळांच्या अंतरांना ठरावीक क्रमांक दिले. त्यामुळे एका संचाला दुसरा जोडणे, तो वाढवीत नेणे शक्य झाले. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने १९२० पासून किल्लीवर चालणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या, तर १९३८ मध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ ही लहान आकाराची मालिका काढली. गाडी लहान झाल्यामुळे घरातल्या एका खोलीत गाडीबरोबर तिचा परिसरही मावू लागला. खेळण्याकडून देखाव्याकडे झालेले हे संक्रमण महत्त्वाचे आहे.

पुढचा टप्पा देखाव्याकडून नोंदीकडे जाण्याचा होता. १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियातून इंग्लंडमध्ये आलेल्या रॉय इंग्लंड यांनी ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ या परिसरातील गवताने शाकारलेली जुनी घरे डोळ्यांदेखत बदलत असल्याचे पाहिले. ती घरे वाचविणे त्यांच्या हाती नव्हते. त्यांची मापे, छायाचित्रे व रंगांच्या नोंदी घेऊन प्रतिकृती करणे हाती होते. या प्रयत्नातून १९५४ मध्ये लाँग विटनहॅम या खेड्यात पेंडन संग्रहालय उभे राहिले. तेथे दोन महायुद्धांच्या दरम्यानचा ग्रामीण परिसर रेल्वेसह पाहावयास मिळतो.

याच काळात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील जॉन ॲलन या व्यावसायिक छायाचित्रकाराने जुनेपणा देण्याच्या तंत्राला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या मांडणीतील इंजिने व इमारती वापरलेल्या, मळलेल्या, ठिकठिकाणी झिजलेल्या दिसत. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच आगीत ती मांडणी नष्ट झाली. आज तिचे ज्ञान होते ते मुख्यतः छायाचित्रांवरून. पेंडन टिकले, कारण त्यामागे संस्था होती. ॲलन यांची मांडणी गेली, पण निदान तिची चित्रे राहिली. ज्यांच्यामागे यांपैकी काहीच नसते अशा मांडण्या कर्त्याबरोबरच संपतात.

महाराष्ट्रातील उदाहरण

महाराष्ट्रात या छंदाला सार्वजनिक रूप मिळाले ते पुण्यात. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून कोथरूड येथे लघुरेल्वेचे संग्रहालय साकार झाले व ते १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणातील गाड्या, सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव असे एक संपूर्ण गतिमान शहर तेथे उभारलेले आहे. एका व्यक्तीचा छंद घराबाहेर पडून संस्थारूपाने टिकू शकतो, हे या संग्रहालयाने दाखवून दिले.

तथापि ते शहर काल्पनिक आहे. त्याचा हेतू यंत्रविद्येची ओढ निर्माण करण्याचा आहे, एखाद्या गावाचा इतिहास सांगण्याचा नाही. आपल्या परिसरातील एखादे स्थानक, एखादे वर्ष निश्चित करून त्याची मांडणी करणे ही त्यापुढची पायरी ठरेल.

पेण–रोहा मार्ग : काळाचे थर

रायगड जिल्ह्यात रेल्वेची दोन भिन्न रूपे आढळतात. एक म्हणजे १९०७ मध्ये सुरू झालेली, दोन फूट रुंदीच्या रुळांवरची नेरळ–माथेरान गाडी. दुसरे म्हणजे दिव्याहून पनवेलमार्गे दक्षिणेकडे उतरणारा ब्रॉडगेज मार्ग. हा दुसरा मार्ग १९६४ ते १९६६ या काळात दिव्याहून पनवेल व पुढे आपट्यापर्यंत आला. पुढील वीस वर्षे तो तेथेच थांबला. परिसरातील उद्योगांची गरज मुख्यतः लक्षात घेऊन १९८६ मध्ये तो रोह्यापर्यंत पोहोचला. आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा ही या वाढीव मार्गावरील स्थानके होत.

१९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली आणि रोहा हे शेवटचे स्थानक न राहता नव्या मार्गाचा आरंभबिंदू बनले. १९९३ मध्ये रोहा–वीर हा टप्पा सुरू झाला व २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. २०२१ मध्ये रोहा–वीर दुपदरीकरण आणि २०२२ मध्ये कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले.

हा कालक्रम मांडणीकाराला काटेकोर राहण्यास भाग पाडतो. रोहा स्थानकाची मांडणी करावयाची तर प्रथम वर्ष ठरवावे लागते. १९८७ चे रोहा दाखवायचे असल्यास रुळांच्या वर विजेच्या तारा असणार नाहीत, डबे विटकरी रंगाचे असतील आणि रूळ दक्षिणेकडे वीरला जाणार नाहीत. २००० चे रोहा दाखवायचे तर निळे डबे हवेत आणि लांब पल्ल्याच्या गाड्या न थांबता पुढे जाताना दिसावयास हव्यात. आजच्या रोह्यात तारांचे खांब अपरिहार्य आहेत. ‘साधारण जुने रोहा’ असे काही दाखविता येत नाही. लेखनात संदिग्ध विधान करून निभावता येते. फळीवर खांब एकतर असतो किंवा नसतो.

मापाचा प्रश्न

या छंदात प्रचलित असलेल्या एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ते १४३५ मिलिमीटर या युरोप–अमेरिकेतील प्रमाणित अंतराशी जुळते. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा आहे. त्याच प्रमाणात तो १९.३ मिलिमीटर यावयास हवा. तयार रूळ व चाके विदेशी मापाची असल्याने भारतीय छांदिष्टाला बहुधा अरुंद रुळांवर भारतीय गाडी चालवावी लागते. लॉर्ड डलहौसीच्या काळात घेतलेला एक धोरणात्मक निर्णय आजही जवळजवळ तीन मिलिमीटरच्या फरकाने छांदिष्टाच्या टेबलावर जाणवतो.

दुसरी अडचण लांबीची. या प्रमाणात एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर. चोवीस डब्यांच्या गाडीला पुरेल एवढा फलाटच सहा मीटरहून अधिक लांब होतो. साहजिकच संक्षेप करावा लागतो. काय ठेवावे व काय गाळावे, हा इतिहासकाराचा नित्याचा प्रश्न येथे फूटपट्टीच्या भाषेत समोर येतो.

नवेपणाची कला आणि जुनेपणाची कला

पेण आणि हमरापूर–जोहे परिसर गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी सर्वज्ञात आहे. येथून मूर्ती महाराष्ट्रभर व परदेशस्थ मराठी कुटुंबांकडेही जातात. शाडूची माती, प्लास्टर, साचे, पॉलिश पेपर, रंगांचे फवारे आणि अखेरीस डोळ्यांची आखणी ही या व्यवसायाची परिभाषा आहे. लघुरेल्वेतील डोंगर उभारतानाही जाळीवर प्लास्टरमध्ये भिजविलेल्या कापडाचे थर देतात, साच्यातून खडक काढतात व फवाऱ्याने रंग देतात. साहित्य बव्हंशी एकच आहे. दृष्टी मात्र विरुद्ध आहे. मूर्तिकार सांधा बुजवितो, ओरखडा घासून काढतो, रंगाला झळाळी आणतो, कारण मूर्ती नवी व निर्दोष हवी. जुनेपणा देणारा ओरखडा निर्माण करतो व झळाळी मारतो. पातळ रंगाचा हात फिरवून फटींत मळ साठवणे, कोरड्या कुंचल्याने कडा उजळविणे, खडूच्या भुकटीने धूळ बसविणे या त्याच्या मुख्य क्रिया होत.

येथे निरीक्षणाला पर्याय नाही. कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे इमारतीच्या सर्व भिंतींवर सारखे शेवाळ दाखविणे चुकीचे ठरते. खाडीजवळच्या दमट, खारट हवेतील लोखंड देशावरच्या लोखंडाहून लवकर गंजते. गाड्या जेथे थांबतात तेथील खडीवर ब्रेकच्या ठोकळ्यांची तपकिरी भुकटी साचते, तर इंजिन जेथे उभे राहते तेथे रुळांमध्ये तेलाचा काळा पट्टा उमटतो. मांडणीवरील असा प्रत्येक डाग म्हणजे कशाचा तरी परिणाम असतो. डाग उमटविण्यापूर्वी त्याचे कारण सांगता येणे ही या छंदाची खरी कसोटी आहे.

याच ठिकाणी एक सार्वत्रिक दोषही संभवतो. गतकाळ म्हणजे जीर्ण, अशी समजूत असल्यामुळे मांडणीतील सर्वच वस्तू गंजलेल्या दाखविल्या जातात. परंतु १९८६ मध्ये रोह्याचा लोहमार्ग नवा होता. त्या वर्षीच्या मांडणीत तेथील खडी स्वच्छ, भिंतींचा रंग ताजा आणि फलाटाच्या कडा धारदार असणेच यथार्थ होय. आज जुने दिसणारे तेव्हाही जुनेच होते असे मानणे हा कालविपर्यास आहे, आणि तो केवळ छांदिष्टच करतात असे नाही. स्थानिक इतिहासाच्या लेखनातही ‘पूर्वीचे गाव’ असेच एकसुरी धूसर रंगात रंगविलेले आढळते. नवेपण केव्हा दाखवावे हे कळण्यासाठी पेणच्या रंगाऱ्याचा हात व अभ्यासकाची तारीख या दोहोंची गरज आहे.

साधने आणि मर्यादा

असे काम करू इच्छिणाऱ्यास जुनी वेळापत्रके, कौटुंबिक छायाचित्रे आणि निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या आठवणी उपयोगी पडतील. फलाटाची कड किती दिवसांनी रंगवीत, पावसाळ्यात पाणी कोठे साचे, हे गँगमन व गेटमन यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? अशा प्रश्नांची उत्तरे कार्यालयीन दप्तरात क्वचितच मिळतात. चित्रपटही साधन ठरू शकतो. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटातील अखेरचा प्रसंग आपटा स्थानकावर चित्रित झाला. पडद्यावर ते पंजाबमधील स्थानक म्हणून येते. परंतु फलाट व रूळ रायगडातील आहेत. कथा खोटी असली तरी पार्श्वभूमी खरी असू शकते, या साधनचिकित्सेच्या नियमाचे हे सहज समजणारे उदाहरण आहे.

मर्यादाही स्पष्ट आहेत. लघुरेल्वे यंत्राकडे अधिक व माणसाकडे कमी पाहते. या प्रमाणात साडेपाच फुटी माणूस दोन सेंटिमीटरहून लहान होतो आणि बहुधा फलाटावर स्थिर उभा राहतो. रुळांखाली गेलेली भातशेती, खारभूमीचे बांध, बांधकामावरील मजुरांचे कष्ट यांचा फळीवर माग राहत नाही. म्हणून मांडणी लेखनाची जागा घेऊ शकत नाही. तिच्यासोबत लिखित नोंद असणे आवश्यक आहे.

समारोप

डिझेल इंजिनांच्या पॅसेंजर गाड्या, एकेरी मार्ग आणि तारांविना मोकळे दिसणारे आकाश हे पेण–रोहा परिसरातील आज चाळिशी ओलांडलेल्यांच्या स्मरणात असलेले दृश्य आहे. त्याचे साक्षीदार अद्याप आपल्यात आहेत; आणखी वीस वर्षांनी ते तसे असणार नाहीत. हे काम महाविद्यालयांच्या आवाक्यातले आहे. एक स्थानक व एक वर्ष निश्चित करावे. इतिहास विभागाने मुलाखती व छायाचित्रे जमवावीत, भूगोल विभागाने मोजणी करावी, विज्ञान शाखेने विद्युत्‌ यंत्रणा सांभाळावी आणि प्लास्टर व रंगकामासाठी पेणच्या कारागिरांना सन्मानाने मार्गदर्शक म्हणून बोलवावे. मांडणीतील प्रत्येक खांब, रंग व डाग कोणत्या आधारावर दाखविला, हे नोंदवहीत लिहून ठेवावे, तसेच पूर्ण झालेल्या मांडणीची पद्धतशीर छायाचित्रे ग्रंथालयात जतन करावीत. फळी कालांतराने मोडेल, प्लास्टरला तडे जातील. नोंदवही व छायाचित्रे राहिली तर पुढच्या अभ्यासकाला त्या आधारांची पुन्हा तपासणी करता येईल.