बाटली नंबर ५३-एन

लसीकरणाच्या दिवशी नर्सताई आधी बाटली हातात घेऊन तिच्यावरचं वाचते, मग वहीत लिहिते. आपण रांगेत कंटाळतो. पण त्या लिहिण्याचं मोल किती, हे सांगणारी एक जुनी हकिकत आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉक्टर हाफकिन यांनी मुंबईतच त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून बाटल्या लांबलांबच्या मुलखात जाऊ लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. काही दिवसांतच त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. रोगापासून वाचायला म्हणून दंड पुढे केलेली माणसं ती!

नोंदी काढल्या तेव्हा कळलं, की त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या आणि हे एकोणीसही जण एकाच बाटलीतले होते. तिचा नंबर ५३-एन. बाकीच्या ८८ जणांना काहीही झालं नव्हतं. कुणाला कुठली बाटली, हे लिहिलेलं नसतं तर सगळी लसच विषारी ठरली असती.

तरी चौकशी आयोगाने ठपका ठेवला तो प्रयोगशाळेवर. लसीत कार्बोलिक ॲसिड घालायची पद्धत हाफकिनांनी बदलली होती, तेच कारण धरलं. त्यांना पदावरून बाजूला केलं. मला विचाराल तर दूरच्या कारखान्याकडे बोट दाखवणं सोपं होतं. कारण जबान्यांमध्येच एक गोष्ट होती: बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तोच वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. खिळा लागला की आपण इंजेक्शनला धावतो ते उगाच नाही. अखेर १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिनांची बाजू मांडली आणि ते निर्दोष ठरले. तोवर पाच वर्षं गेली होती.

आता बाटलीच थोडंफार बोलते. १९९६ पासून पोलिओच्या बाटलीवर एक खूण येऊ लागली, गोल आणि त्याच्या आत चौकोन. आज ती बऱ्याच लसींवर असते. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस वापरता येते. तो गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला, तर उष्णतेने लस बिघडली असं समजून बाटली बाजूला ठेवायची. मात्र ही खूण फक्त उष्णतेचं सांगते. चिमटा पडला, सुई कुठे टेकली, हे तिला कळत नाही. बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या लसीत द्रावण मिसळलं की चार तासांनंतर ती वापरायची नसते, म्हणून नर्सताई बाटलीवर वेळ लिहिते.

तेव्हा गटातल्या लेकी-सुना बाळ घेऊन जातील तेव्हा त्यांना सांगा, खुशाल विचारा: "ताई, चौकोन दाखवता का? ही कधी उघडली?" आणि सिरिंजचं पाकीट आपल्यासमोर फोडलं का, तेही बघा.