कात्रीची निवड आणि कारागिराचा अंगठा

केस कापताना कात्रीची दोन्ही पाती हलत नाहीत. सरावलेल्या हातात अनामिकेच्या कडीतले पाते स्थिर राहते आणि उघडझाप करते ते फक्त अंगठ्याचे. त्यामुळे दिवसभराचा भार अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर आणि त्याला ओढणाऱ्या मोजक्या कंडरांवर येतो. कात्री घेताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की ती अंगठ्याकडून किती जोर मागते आणि कोणत्या कोनात मागते. पोलाद, किंमत आणि चकाकी यांचा विचार त्यानंतर करावा.

अंगठा बाहेर आणि मागे ओढणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला एकाच अरुंद आवरणातून जातात. सततच्या घर्षणाने हे आवरण जाड होते आणि कंडरा आत अडकू लागतात. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस शल्यविशारदाने 1895 मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवले की कळ येते, ही त्याची खूण. दुसरा विकार कार्पल टनेलचा. मनगटाच्या तळहाताकडील बोगद्यातून 9 कंडरा आणि एक मुख्य नस जाते. मनगट वाकवून बोटे चालवत राहिले की आतला दाब वाढतो, आणि रात्री अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर होऊ लागते. अनेक गावांत सोमवारी सलून बंद असते. सोमवारी हात हलका वाटतो आणि मंगळवारी दुपारपर्यंत ठणका परत येतो, हा टप्पा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. कात्री बदलून सर्वाधिक फायदा होतो तो इथेच. सुट्टीच्या दिवशीही दुखू लागल्यावर नुसत्या कात्रीने भागत नाही.

मुठीच्या आकाराला बाजारात फार महत्त्व दिले जाते. माझ्या मते त्याआधी धार आणि स्क्रू पाहायला हवा. दोन धारा एकमेकींना टेकून सरकतात तेव्हाच केस कापला जातो. धार बोथट झाली किंवा स्क्रू सैल पडला की केस तुटण्याऐवजी पात्यांच्या मध्ये दुमडतो. मग कारागीर नकळत अंगठ्याने कडी बाहेर रेटतो, म्हणजे पाती पुन्हा जवळ येतात. हा रेटा देण्याचे काम वर सांगितलेल्या त्या दोन कंडरांवरच पडते. स्क्रू फार आवळलेला असेल तर प्रत्येक वेळी कात्री उघडताना त्याच कंडरांना घर्षणाशी झगडावे लागते. म्हणजे मूठ कितीही उत्तम असली तरी बोथट किंवा आवळलेली कात्री हात दुखवणारच.

याची परीक्षा दुकानातच करता येते. टोके वर ठेवून कात्री एका कडीने धरा, दुसरे पाते काटकोनापर्यंत उचला आणि सोडा. ते मिटत जाऊन, सुमारे एक तृतीयांश अंतर उरलेले असताना थांबावे. खाडकन पूर्ण मिटले तर स्क्रू सैल आहे, जागचे हललेच नाही तर आवळलेला आहे. धारेसाठी ओला टिश्यू पेपर कापून पाहावा. टोकापर्यंत तो न ओढता, न चुरगळता कापला गेला पाहिजे. स्क्रूच्या सांध्यातले केस पुसून रोज तेलाचा एक थेंब सोडणे हा याच कामाचा भाग आहे.

महागड्या जपानी पद्धतीच्या कात्रीचे पाते बाहेरून फुगीर आणि आतून किंचित पोकळ घासलेले असते. ते फार कमी जोरात कापते, पण सायकलच्या पेडलवर फिरणाऱ्या दगडावर त्याला धार लावली की फुगीरपणा जातो, आणि आतली पट्टी घासली गेली तर कात्री कायमची बिघडते. अशी धार लावणारा जाणकार जवळपास नसेल, तर साध्या उतरत्या धारेची कात्री घेऊन तिला वेळच्या वेळी धार लावणे तालुक्याच्या कारागिराला अधिक हिताचे. 440सी किंवा व्हीजी-10 सारखे कठीण पोलाद धार जास्त काळ टिकवते, एवढाच त्याचा हाताशी संबंध.

आता मूठ. जुन्या धाटणीच्या कात्रीत दोन्ही कड्या समोरासमोर असतात, त्यामुळे अंगठा ताणून अनामिकेखाली न्यावा लागतो. ऑफसेट मुठीत अंगठ्याची दांडी आखूड असते आणि अंगठा तर्जनीखाली, जिथे तो एरवी राहतो तिथेच राहतो. बहुतेकांनी इथूनच सुरुवात करावी. क्रेन मुठीत दांडी खाली झुकलेली असते, त्यामुळे कोपर न उचलता आडवी रेघ कापता येते. खांदा दुखणाऱ्याला ती उपयोगी पडते. स्विव्हल कात्रीत अंगठ्याची कडीच फिरते, म्हणून पाते कोणत्याही दिशेला वळले तरी मनगट सरळ ठेवता येते. मनगटाच्या त्रासावर मला हीच सर्वात समंजस रचना वाटते. मात्र हात बसायला काही आठवडे जातात, आणि लग्नसराईच्या तोंडावर ती सुरू करू नये.

कडीत अंगठा नखाच्या मुळापर्यंतच जावा. कडी मोठी असली की तो सांध्यापर्यंत आत सरकतो आणि मग सगळी मूठ वळवून कात्री मिटवावी लागते. रबराच्या रिंगा याचसाठी मिळतात आणि त्या स्वस्त असतात. लांबी ठरवताना पाते मधल्या बोटाएवढे असावे. कंगव्यावरून कापण्यासाठी 6 ते 7 इंची कात्री सोयीची, पण लहान हातात तिचे वजन टोकाकडे ओढते. डावखुऱ्याने उजव्या हाताची कात्री वापरू नये, कारण त्याच्या अंगठ्याचा नैसर्गिक रेटा पात्यांना जवळ आणण्याऐवजी दूर ढकलतो. त्याला पातीच उलटी बसवलेली कात्री हवी.

हे सगळे जमले तरी सलूनमध्ये एकच कात्री चार हातांत फिरत असेल तर निवडीला अर्थ उरत नाही. मालकाने प्रत्येक कारागिराला त्याच्या हाताच्या मापाची कात्री द्यावी किंवा घेण्यास मदत करावी. आणि आपल्याकडची एक सवय तर विनाखर्च सोडता येते. दोन कापांच्या मध्ये कात्री हवेत कचकच चालवत राहण्याने तालही धरला जातो, गिऱ्हाइकालाही ते ओळखीचे वाटते. पण त्या प्रत्येक कचकचीत अंगठा एकही केस न कापता उघडतो आणि मिटतो. खुर्ची वरखाली होत असेल तर ती प्रत्येक डोक्यासाठी हलवावी, कोपर खांद्याच्या बरेच खाली राहील इतकी. बधिरपणाने रात्री झोप मोडू लागली तर डॉक्टरकडे जाताना कात्री सोबत न्यावी आणि दिवसभर हात कसा चालतो ते तिथे करून दाखवावे.