रेणू केवढा असू शकतो? दोन सभा आणि एका शास्त्राचा जन्म

वैज्ञानिकांच्या व्यावसायिक संस्था दरवर्षी आपला वार्षिक अहवाल काढतात. तो फारसा कोणी वाचत नाही. वर्षभरात इतक्या सभा झाल्या, परिषदेतील निबंध चर्चेसह छापले, परिभाषा उपसमितीने मसुदा सादर केला, शिक्षकांसाठी वर्ग घेतला. पुढील वर्षीची उद्दिष्टे खालीलप्रमाणे. असा तो मजकूर. पॉलिमर, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातील ‘बहुवारिक’ पदार्थ, यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थांचे अहवालही असेच असतात. पण सभा कशाला, छापील चर्चा कशाला, परिभाषेचा एवढा आग्रह कशाला, असे विचारत मागे गेलो तर विसाव्या शतकातील एका मोठ्या वादापाशी आपण पोचतो. त्या वादाचा प्रश्न अगदी साधा होता : रेणू केवढा असू शकतो?

सायकलची ट्यूब, कापसाचा धागा, रेशीम, प्लॅस्टिकची बादली, विजेचे बटण हे सारे पदार्थ हजारो अणूंच्या प्रचंड रेणूंचे बनलेले आहेत, हे आपण वर्गात एका वाक्यात सांगून टाकतो. शंभर वर्षांपूर्वी बहुतेक नामवंत रसायनशास्त्रज्ञांना हे वाक्य मान्य नव्हते. आणि ते काही हटवादी लोक नव्हते.

न मानण्याची कारणे

‘पॉलिमर’ हा शब्द बर्झेलियस यांनी १८३३ च्या सुमारास वापरात आणला. तेव्हा त्याचा अर्थ वेगळा होता. ज्यांतील मूलद्रव्यांचे प्रमाण सारखे, पण रेणूचा आकार निरनिराळा, अशा पदार्थांसाठी तो होता. पुढे गुडइयर यांनी रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ केले, सेल्युलॉइड आले, आणि फेब्रुवारी १९०९ मध्ये बेकलंड यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या न्यूयॉर्क शाखेच्या सभेत बॅकेलाइट जाहीर केले. म्हणजे कारखाने सुरू झाले होते, माल विकला जात होता. आत रेणू कसा आहे हे मात्र ठरलेले नव्हते.

प्रचलित मत असे होते, की रबराचे किंवा सेल्युलोजचे रेणू लहानच असतात. ते कसल्यातरी दुबळ्या आकर्षणाने एकत्र येऊन मोठे पुंजके बनवतात. याच्या बाजूने तीन चांगली कारणे होती.

पहिले शुद्धतेचे. शुद्ध पदार्थाचे स्फटिक होतात, तो ठराविक तापमानाला वितळतो. रबर तसे करत नाही, तेव्हा ते अशुद्ध मिश्रण असले पाहिजे. दुसरे कारण क्ष-किरणांनी पुरवले. स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा सर्वांत लहान ठोकळा मोजता येऊ लागला होता. सेल्युलोजमधला हा ठोकळा लहान निघाला. त्याहून मोठा रेणू त्यात मावणार कसा? तिसरे कारण मोजमापाचे. विरघळलेल्या पदार्थामुळे द्रवाचा गोठणबिंदू किती उतरतो यावरून रेणुभार काढत. आता हिशोब करून पाहा. एक लाख रेणुभाराचा पदार्थ १० ग्रॅम घेऊन १ किलो बेंझीनमध्ये विरघळवला, तर गोठणबिंदू जेमतेम ०.०००५ अंश सेल्सिअसने उतरेल. थोडी ओल किंवा अशुद्धी राहिली तरी तिचा परिणाम याहून अधिक होतो आणि रेणुभार खोटा, लहान निघतो. मोठा आकडा आलाच, तर ‘तो पुंजक्याचा, रेणूचा नव्हे’ असे म्हणायला सगळे मोकळे.

एका प्रयोगाची कसोटी

झुरिच येथील हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये एका निबंधात उलट मत मांडले. नेहमीच्याच रासायनिक बंधांनी शेकडो, हजारो लहान घटक एकापुढे एक जोडले जातात आणि लांब साखळी बनते. त्यासाठी वेगळे, दुबळे आकर्षण मानण्याची गरज नाही. १९२२ मध्ये त्यांनी अशा रेणूंसाठी ‘मॅक्रोमोलेक्यूल’, म्हणजे महारेणू, हा शब्द वापरला.

मत मांडणे सोपे. ते कसोटीला लावणे अवघड. श्टाउडिंगर यांची कसोटी शिकवण्याजोगी आहे. विरोधकांच्या मते रबराच्या लहान रेणूंना एकत्र ठेवणारे आकर्षण त्यांच्यातील दुहेरी बंधांमुळे येते. ठीक आहे, मग दुहेरी बंधच काढून टाकू. रबरावर हायड्रोजनची क्रिया केली की ते नाहीसे होतात. विरोधकांचे म्हणणे खरे असेल, तर पुंजका फुटून लहान रेणूंचा, सहज ऊर्ध्वपातन होणारा द्रव मिळायला हवा. तसे झाले नाही. मिळालेला पदार्थ रबरासारखाच राहिला : ऊर्ध्वपातन होत नव्हते आणि द्रावणही पूर्वीसारखेच कलिलरूप होते.

तरीही सहकारी मानेनात. नोबेल मिळालेले हाइनरिख वीलांट यांनी त्यांना स्नेहाने सल्ला दिला, की मोठ्या रेणूंची कल्पना सोडा, पाच हजारांहून अधिक रेणुभाराचे सेंद्रिय रेणू नसतातच. तुमचे रबर नीट शुद्ध करा, मग त्याचे स्फटिक होतील. ही हकिकत श्टाउडिंगर यांनीच पुढे आत्मचरित्रात नोंदवली आहे.

ड्युसेलडॉर्फ, १९२६

जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आणि वैद्य यांची एक जुनी संस्था आहे; ती १८२२ मध्ये स्थापन झाली. सप्टेंबर १९२६ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे भरलेल्या तिच्या अधिवेशनात हा वाद एका व्यासपीठावर आणला गेला. अध्यक्ष होते रिखार्ट विलश्टेटर, तेही नोबेलविजेते. माक्स बेर्गमान आणि हान्स प्रिंग्सहाइम लहान रेणूंच्या बाजूने बोलले. श्टाउडिंगर महारेणूंच्या बाजूने. तरुण हेर्मान मार्क यांच्याकडे क्ष-किरणांचा मुद्दा होता. त्यांनी दाखवले की रेणू स्फटिकाच्या ठोकळ्यात मावलाच पाहिजे असे बंधन नाही. लांब साखळी एका ठोकळ्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात अशी जाऊ शकते. ठोकळा फक्त तिच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्याचे माप सांगतो. आगगाडीच्या एका डब्याची लांबी मोजून गाडी तेवढीच आहे असे म्हणता येत नाही, तसेच हे.

सभेत मतदान झाले नाही. मार्क यांच्या आठवणीप्रमाणे, एवढ्या मोठ्या रेणूची कल्पना सेंद्रिय रसायनज्ञाला धास्तावणारी आहे, पण तिची सवय करून घ्यावी लागेल, असे अध्यक्षांनी शेवटी बोलून दाखवले. वाद त्या दिवशी मिटला नाही. पण तीन निरनिराळ्या पद्धतींचे पुरावे प्रथमच एका टेबलावर आले, आणि पुढे कोणते आकडे हवेत हे स्पष्ट झाले. याच सुमारास स्वीडनमध्ये स्वेडबर्ग यांनी अतिवेगवान केंद्रोत्सारक बनवून हिमोग्लोबिनचा रेणुभार सुमारे ६७,००० असल्याचे दाखवले. पाच हजारांची सीमा अशी मोडली.

केंब्रिज, १९३५

दुसरी सभा इंग्लंडमधली. फॅरडे सोसायटी १९०३ मध्ये स्थापन झाली आणि १९०७ पासून ती एकेका विषयावर ‘सर्वसाधारण चर्चा’ भरवू लागली. या चर्चेची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. निबंध आधीच छापून सर्वांना पाठवायचे. लेखकाने सभेत ते वाचायचे नाहीत, थोडक्यात मांडायचे. उरलेला वेळ प्रश्नोत्तरांना. आणि ती प्रश्नोत्तरेही निबंधांसोबत छापायची. म्हणजे कोण काय म्हणाले, कोणाची शंका कशी फेटाळली गेली, हे कायमचे नोंदले जाते.

सप्टेंबर १९३५ मध्ये केंब्रिजच्या चर्चेचा विषय होता बहुवारिकीकरण. श्टाउडिंगर होते, आणि अमेरिकेतून ड्युपाँ कंपनीचे वॉलेस कॅरोदर्स आले होते. कॅरोदर्स यांनी वादाला बगल देऊन वेगळी वाट धरली होती. तयार रबर फोडून आत काय आहे ते पाहण्याऐवजी त्यांनी साखळी स्वतःच बांधायला घेतली. आम्ल आणि अल्कोहोल यांच्यापासून एस्टर होतो, ही अभिक्रिया सर्वांना पाठ होती. रेणूच्या दोन्ही टोकांना असे क्रियात्मक गट ठेवले की कडी पुढे कडी जुळत जाते. आणि प्रत्येक बंध परिचित असल्याने शंकेला जागा राहत नाही. १९३० मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत १२,००० हून अधिक रेणुभाराचे पॉलिएस्टर तयार झाले आणि ज्युलियन हिल यांनी त्याचे धागे ओढले. फेब्रुवारी १९३५ मध्ये नायलॉन तयार झाले होते.

केंब्रिजच्या निबंधात कॅरोदर्स यांनी एक सूत्र मांडले. ते मुलांना मैदानावर खेळून दाखवता येते. चाळीस मुले घ्या. प्रत्येकाचा उजवा हात म्हणजे आम्लगट, डावा म्हणजे अल्कोहोलगट. उजव्याने फक्त दुसऱ्याचा डावा धरायचा. गोल करायचा नाही. एकूण हात ऐंशी. निम्मे हात जुळले, म्हणजे वीस गाठी झाल्या, की वीस साखळ्या उरतील, सरासरी लांबी दोन. नव्वद टक्के जुळले (छत्तीस गाठी), तर चार साखळ्या, सरासरी दहा. पंचाण्णव टक्के जुळले, तर दोन साखळ्या, सरासरी वीस. सूत्र असे :

सरासरी लांबी = १ ÷ (१ – जुळलेल्या हातांचे प्रमाण)

एरवीच्या रसायनशास्त्रात नव्वद टक्के अभिक्रिया म्हणजे उत्तम. इथे तिच्यातून अवघी दहा कड्यांची साखळी मिळते. शंभर कड्यांसाठी ९९ टक्के, हजार कड्यांसाठी ९९.९ टक्के! पूर्वीचे लोक लहान रेणूंवरच का अडत होते ते यावरून कळते. अभिक्रियेत सुटणारे पाणी निर्वातात काढून टाकत शेवटचे हात जुळवणे, हे कॅरोदर्स यांच्या यशाचे मर्म होते. काही मुलांना तिसरा हात आहे असे माना, म्हणजे साखळीऐवजी जाळे होईल. बॅकेलाइट पुन्हा का वितळत नाही, याचे उत्तर त्यात आहे. या सभेनंतर दोन वर्षांच्या आतच, १९३७ मध्ये, दीर्घकाळच्या नैराश्यातून कॅरोदर्स यांनी जीवन संपवले. ते ४१ वर्षांचे होते.

केंब्रिजला महारेणू असतात की नाही हा प्रश्न उरला नव्हता. ते ताठ असतात की लवचिक, यावर आता मतभेद होते. श्टाउडिंगर त्यांना ताठ काठ्यांसारखे मानत. मार्क आणि इतरांना ते लवचिक वाटत. इथे श्टाउडिंगर यांची बाजू पुढे टिकली नाही. एका प्रश्नावर एकटा माणूस बरोबर ठरला, म्हणून पुढच्या प्रश्नावरही तोच बरोबर असेल असे नाही.

आणखी एक गोष्ट त्याच सभेत घडली. मार्च १९३३ मध्ये आयसीआय कंपनीत गिब्सन आणि फॉसेट यांना एथिलीनवर प्रचंड दाब देताना अनपेक्षितपणे पांढरा मेणचट पदार्थ मिळाला होता. एथिलीनचे असे घन बहुवारिक होते, हे फॉसेट यांनी केंब्रिजच्या चर्चेत सांगितले. सभेने त्याची फारशी दखल घेतली नाही. तो पदार्थ म्हणजे पॉलिथीन. सप्टेंबर १९३९ मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. जाणकारांची सभाही कानावर आलेले सोडून देऊ शकते. फक्त चर्चा छापण्याची रीत असली की ते कुठेतरी लिहून उरते.

शब्दांची समिती कशासाठी?

दुसऱ्या महायुद्धानंतर या विषयाला स्वतःचे घर मिळाले. १९४६ मध्ये ‘जर्नल ऑफ पॉलिमर सायन्स’ निघाले. अमेरिकन केमिकल सोसायटीत १९५० च्या सुमारास बहुवारिकांचा स्वतंत्र विभाग झाला, १९५१ मध्ये जपानमध्ये स्वतंत्र संस्था निघाली. १९५२ मध्ये आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या उपसमितीने महारेणूंच्या संज्ञांविषयी अहवाल दिला. श्टाउडिंगर यांना नोबेल मिळाले ते १९५३ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी. भारतातही १९५० मध्ये उघडलेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बहुवारिकांवर काम उभे राहिले, आणि पुढे सोसायटी फॉर पॉलिमर सायन्स, इंडिया ही संस्था ‘मॅक्रो’ नावाच्या परिषदा भरवू लागली.

परिभाषेसाठी समिती का लागते, हे पुन्हा आपल्या चाळीस मुलांना विचारू. दोन साखळ्या उरल्या आहेत. त्या वीस-वीसच्या असतील, किंवा एक एकोणचाळीसची आणि एक मूल एकटे. दोन्हीकडे साखळ्यांची सरासरी लांबी वीसच. पण प्रत्येक मुलाला ‘तू किती लांबीच्या साखळीत आहेस?’ असे विचारून सरासरी काढली, तर पहिल्या वेळी वीस येते आणि दुसऱ्या वेळी अडतीस! दोन्ही सरासऱ्या खऱ्या आहेत. बहुवारिकातही साखळ्या लहानमोठ्या असतात. त्यामुळे कोणती सरासरी सांगतो आहोत हे आधी ठरवले नाही, तर दोन प्रयोगशाळा एकाच नमुन्यावरून भांडत बसतील.

आज हे भांडण प्रयोगशाळेबाहेर आले आहे. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हापासून पिशव्यांवरचे शब्द आपण अधिक निरखून वाचतो. ‘बायोप्लॅस्टिक’ म्हणजे काय? वनस्पतीपासून बनलेले, की मातीत कुजणारे? ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिथीन बनते. ते साध्या पॉलिथीनइतकेच टिकाऊ आहे, कुजत नाही. उलट पॉलिकॅप्रोलॅक्टोन खनिज तेलापासून बनते, तरी सूक्ष्मजीव ते पचवतात. म्हणूनच आयुपॅकने २०१२ च्या शिफारशींत ‘बायोप्लॅस्टिक’ हा शब्द दिशाभूल करणारा ठरवून तो टाळायला सांगितले. ‘कशापासून बनले’ आणि ‘पुढे त्याचे काय होते’ हे प्रश्न वेगळे ठेवा, एवढेच त्यामागचे सांगणे.

वार्षिक अहवालातील ती रूक्ष कलमे, म्हणजे सभा, छापील चर्चा, परिभाषा आणि शिक्षण, अशी एकेका अडचणीतून आली आहेत. वर्गात बहुवारिकांचा धडा घेताना व्याख्या थोडी लांबवून पाहावी. रबराचा रेणू लहान आहे असे म्हणणारा एक गट करावा, मोठा आहे म्हणणारा दुसरा. तिन्ही कारणे पहिल्या गटाला द्यावीत आणि दुसऱ्याला विचारावे : कोणता प्रयोग केलात तर यांचे समाधान होईल? उत्तर काय येते ते लिहून ठेवावे, शंकांसकट.