परवानगीचा कागद आणि भिंतीतला दगड

जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी वरून पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही. उन्हाळ्यात माळवदावर निजणाऱ्या मराठवाड्यातील माणसाला ही आज्ञा फोडून सांगावी लागत नाही. बांधकामाचा नियम म्हणजे मुळात दुसऱ्याच्या जिवाची काळजी होय.

आमच्या भागात हा नियम कागदावर उशिरा आला. निजामी राजवट १९४८ साली संपली. १९५६ साली हैदराबाद जिल्हा नगरपालिका अधिनियम झाला. पुढे त्याची जागा महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपालिका अधिनियमाने घेतली आणि १९६६ साली नगररचनेचा कायदा आला. तेव्हापासून जागेचा उतारा, नकाशा, शेतजमीन असल्यास बिनशेतीचा आदेश, असा क्रम रूढ झाला. साठ दिवसांत निर्णय कळविला नाही, तर नियमांना धरून असलेल्या नकाशास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे. मात्र ती ठाऊक असणारे थोडे. हेलपाटे घालणारेच फार.

अशा हेलपाट्यांतून एक वाईट समजूत रुजली: परवानगी हा केवळ शिक्का आहे. नकाशा एक आणि बांधकाम दुसरे, यात कोणाला वावगे वाटेनासे झाले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गाव निजलेले असताना, किल्लारी परिसरात हजारो माणसे घरांखाली गाडली गेली. उन्हापासून रक्षण करणाऱ्या जाड भिंतींनीच घात केला. दगड-मातीच्या त्या भिंतींना दोन पदर होते. पण दोहोंना सांधणारे लांब दगड बहुधा नव्हते, आणि वर माळवदाच्या मातीचा भार होता. तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली तो पहिला पट्टाच रद्द झाला व किल्लारी तिसऱ्या पट्ट्यात गेली. म्हणजे नियमही चुकू शकतो. पण चूक उमगल्यावर तो सुधारता येतो. पडलेली भिंत माणूस परत देत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात सभागृह बांधायचे ठरले. अर्ज रेंगाळला. “फादर, काम सुरू करू या, कागद मागाहून येईल,” असे हितचिंतक म्हणू लागले. खरे सांगायचे तर आम्हालाही मोह झाला. तेव्हा भूकंपात घरची माणसे गमावलेल्या एका वृद्ध मातेने एवढेच विचारले, “फादर, भिंतीत पट्टा घालणार ना?”

आम्ही थांबलो. अभियंत्याला पुन्हा बोलावले, नकाशा दुरुस्त केला आणि परवानगी येईपर्यंत दोन पावसाळे मांडवाखाली काढले. आज त्या सभागृहात मुले अभ्यासाला बसतात. शिक्क्याचा कागद कपाटात आहे. पट्टा मात्र भिंतीत आहे. दोन्ही असावेत, आणि दोन्ही खरे असावेत.