स्टुडिओतून खांद्यावर : दूरचित्रवाणी कॅमेऱ्याची वाटचाल

जुन्या वाड्यातले कोनाडे, खुंट्या, दिंडी दरवाजा हे सारे कुठल्या ना कुठल्या गरजेतून आलेले असते. गरज संपते, खूण मागे राहते. दूरचित्रवाणीच्या व्यावसायिक कॅमेऱ्याचेही तसेच आहे. आजच्या हाय डेफिनिशन कॅमेऱ्यावर जी बटणे, चकत्या आणि दिवे दिसतात, त्यांतील जवळजवळ प्रत्येकामागे एखादी जुनी अडचण आणि कोणीतरी घेतलेला निर्णय आहे. ते निर्णय कोणी, कुठे आणि कोणाचा चेहरा समोर ठेवून घेतले, याचा शोध हा या व्याख्यानाचा विषय आहे.

आरंभी कॅमेरा स्थावर होता. अमेरिकेतील आरसीए कंपनीचा १९५०च्या दशकातील टीके-४१ हा रंगीत कॅमेरा सव्वाशे किलोच्या वर भरत असे. त्यात तीन मोठ्या चित्रनलिका असत आणि त्यांना पुरेसे चित्र मिळावे म्हणून इतका प्रकाश लागे की, दिव्यांच्या उष्णतेने कलाकार घामाघूम होत. आपल्याकडे दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचा प्रारंभ झाला, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. प्रसारणाचे केंद्रस्थान तेव्हा स्टुडिओच होते. ज्याला दिसायचे असेल त्याने कॅमेऱ्यापुढे यायचे, असाच रिवाज होता.

या स्टुडिओने कामाची एक वाटणी घालून दिली. कॅमेरामन चौकट धरतो आणि फोकस साधतो. चित्र किती उजळ असावे, काळा रंग किती काळा असावा, चेहऱ्याची रंगछटा कोणती असावी, हे मात्र नियंत्रण कक्षात बसलेला अभियंता ठरवतो. तीन-चार कॅमेरे एकाच माणसाकडे पाहत असतील तर चौघांचे चित्र जुळलेच पाहिजे, हे त्यामागचे कारण. कॅमेऱ्यावरचा लाल टॅली दिवा, कानावरचा इंटरकॉम, आणि प्रत्यक्ष प्रसारित होणारे चित्र व्ह्यूफाइंडरमध्ये पाहण्याची सोय ही सारी त्या वाटणीची अपत्ये होत. दूर बसलेल्या माणसांशी कॅमेरामनचे संधान त्यांनी बांधून ठेवले.

कॅमेरा बाहेर पडला तो नलिका लहान झाल्यावर. फिलिप्सच्या प्लंबिकॉन नलिकेने १९६०च्या दशकात आकार आणि प्रकाशाची भूक दोन्ही कमी केल्या. १९७२ मध्ये जपानच्या इकेगामी कंपनीने एचएल-३३ हा हातातला कॅमेरा आणला. त्याची बरीचशी यंत्रणा मात्र पाठीवरच्या पिशवीत असे. मे १९७४ मध्ये लॉस एंजेलिसमधील एका पोलीस चकमकीचे दृश्य अशाच छोट्या कॅमेऱ्याने थेट घराघरांत पोहोचवले, आणि बातमी घडत असताना पाहता येते हे लोकांना कळून चुकले. १९७६च्या आरसीए टीके-७६ने कॅमेऱ्याची यंत्रणा एकाच अंगात आणली. तरी टेपयंत्र वेगळेच होते. एकाच्या खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्याच्या खांद्यावर यंत्र आणि मध्ये केबल, अशी ती जोडगोळी चाले. १९८२ मध्ये सोनीच्या बेटाकॅमने कॅमेरा आणि टेपयंत्र जोडून टाकले. त्याच वर्षी भारतात रंगीत प्रसारण सुरू झाले.

येथे वजनापेक्षा मोठी गोष्ट बदलली. नियंत्रण कक्षातला अभियंता मागे राहिला आणि त्याचे सगळे निर्णय खांद्यावर कॅमेरा घेतलेल्या एकट्या माणसावर येऊन पडले. त्याच्या मदतीला ज्या सोयी आल्या, त्यांच्यात स्टुडिओचे संस्कार दिसतात. लेन्सच्या मागे फिरणारी फिल्टरची चकती घ्या. कॅमेऱ्याचा मूळ समतोल ३२०० केल्विनला, म्हणजे स्टुडिओच्या दिव्याला धरून असतो. उन्हात गेल्यावर ५६०० केल्विनसाठी रंगीत काच आडवी घालावी लागते. कॅमेऱ्याच्या लेखी दिवा घरचा आणि सूर्य पाहुणा! पांढरा कागद दाखवून व्हाइट बॅलन्स साधायचा, अंधारात गेन वाढवायचा, हेही तसेच. गेनची दर सहा डेसिबलची पायरी संकेत दुप्पट करते आणि त्याबरोबर चित्रातली खरखरही वाढवते.

सर्वांत बोलकी सोय झेब्राची. व्ह्यूफाइंडरमध्ये चित्राचा ठरावीक उजेडाचा भाग तिरप्या पट्ट्यांनी भरतो. त्या पट्ट्या प्रेक्षकाला दिसत नाहीत. चेहऱ्याच्या उजळ भागासाठी ७० टक्के हा आकडा रूढ झाला, तो गोऱ्या चेहऱ्यांच्या अनुभवावरून. सावळ्या माणसाच्या कपाळावर त्या पट्ट्या उमटेपर्यंत छिद्र उघडत गेले तर चेहरा धुवून निघतो, आणि अंगावरचे पांढरे धोतर किंवा टोपी नुसता कोरा डाग होऊन बसते. आपल्याकडच्या कॅमेरामनला तो आकडा खाली आणावा लागतो. यंत्र चुकत नसते, पण ते कोणाच्या चेहऱ्यावरून शिकले हे ठाऊक असावे लागते.

स्टुडिओचा कॅमेरा आणि फिरता कॅमेरा यांच्यातली विभागणी बृहन्महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. २००० साली सुरू झालेल्या ईटीव्ही मराठीचे कार्यक्षेत्र हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी हे होते. फिरते कॅमेरे महाराष्ट्राच्या जिल्ह्यांत हिंडत आणि निवेदकाच्या समोरचा कॅमेरा तेलुगू मुलखात असे. मराठी बातमीपत्र दोन्ही मिळून उभे राहत असे, आणि त्यासाठी कित्येक मराठी पत्रकारांनी हैदराबादेत बिऱ्हाड केले.

तोपर्यंत जपानमध्ये चित्राचा पुढचा टप्पा बराच पुढे गेला होता. एनएचके या सार्वजनिक संस्थेने १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर उच्च स्पष्टतेच्या चित्रावर संशोधन हाती घेतले. पडद्याच्या उंचीच्या केवळ तिप्पट अंतरावर बसूनही चित्रातल्या रेषा डोळ्यांना जाणवू नयेत, हा त्यांचा निकष. त्यातून ११२५ रेषांची पद्धत निघाली आणि १९८९ मध्ये तिचे रोजचे प्रायोगिक प्रसारण सुरू झाले. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची ७०९ क्रमांकाची शिफारस आली, आणि त्या दशकाच्या अखेरीस १९२० गुणिले १०८० बिंदूंची चौकट सर्वमान्य झाली. आपल्या जुन्या पद्धतीत ७२० गुणिले ५७६ बिंदू मावत. म्हणजे नवे चित्र बरोबर पाचपट!

पाचपट बिंदूंबरोबर पाचपट अडचणीही आल्या. जुन्या कॅमेऱ्यात फोकस किंचित चुकला तरी खपून जाई. आता लहान व्ह्यूफाइंडरमध्ये जी चूक दिसत नाही, ती घरच्या मोठ्या पडद्यावर उघडी पडते. म्हणून वस्तूच्या कडा रंगवून दाखवणारे पीकिंग आणि चित्राचा मधला भाग मोठा करून पाहण्याची सोय या गरजेच्या झाल्या. जुन्या काळी चित्र रेखीव दिसावे म्हणून कडांना कृत्रिम धार दिली जाई. तीच धार आता सुरकुत्या, रंगभूषेचे थर आणि नेपथ्यातले खिळे दाखवू लागली. रंगभूषाकारांना हात हलका करावा लागला, सुतारांना काम सफाईने करावे लागले. त्यावर उतारा म्हणून स्किन डिटेल आले. त्यात त्वचेची रंगछटा निवडायची आणि तेवढ्याच भागाची धार कमी करायची. ही छटा समोरच्या माणसाची निवडायची असते, कारखान्यातून आलेली नव्हे.

हाय डेफिनिशनने दोन्ही घराणी पुन्हा जवळ आणली. १९९७ मध्ये सोनीने एचडीकॅम पद्धतीचा खांद्यावरचा कॅमेरा आणला. पुढे खांद्यावरचाच कॅमेरा एका चौकटीत बसवून, त्याला मोठी लेन्स आणि मोठा व्ह्यूफाइंडर जोडून स्टुडिओत वापरता येऊ लागला. मागे जोडलेल्या एकाच केबलमध्ये प्रकाशतंतू आणि वीजवाहक तारा दोन्ही असल्याने अभियंता पुन्हा दूर बसून छिद्र फिरवू लागला. ऑक्टोबर २०१०च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शननेही हे तंत्र स्वीकारले.

मग टेपही गेली. मार्च २०११च्या भूकंप-त्सुनामीत सोनीचा सेंदाईजवळचा कारखाना बंद पडला आणि एचडीकॅम एसआर टेपांची जगभर टंचाई झाली. मेमरी कार्डांकडे वळणाऱ्यांची पावले त्याने झपाट्याने पडू लागली.

आज आपल्या मंडळांची व्याख्याने, कीर्तने, वार्षिकोत्सव यांचे चित्रण पूर्वी केंद्रांनाच परवडे तशा स्पष्टतेने होते. घराबाहेर राहून मराठी जपणाऱ्या पिढीचे चेहरे त्यातच उरणार आहेत. स्पष्टता यंत्र देते. पण कपाळावर किती उजेड ठेवायचा आणि सुरकुती पुसायची की राखायची, हा निर्णय चित्रण करणाऱ्याचाच असतो. नव्वदीच्या आजींचा सावळा चेहरा सावळा राहावा आणि त्यांच्या सुरकुत्या सुरकुत्याच दिसाव्यात, एवढे कॅमेरा धरणाऱ्याला आपण आधी सांगून ठेवले पाहिजे.