वंशावळीची वही आणि गणकयंत्र

नाशकास रामकुंडावर स्नान-श्राद्धासाठीं आलेल्या यात्रेकरूस तीर्थोपाध्याय प्रथम आडनांव व मूळ गांव विचारतात. तेवढ्यावरून जुनी वही निघते आणि तींत आज्या-पणज्याचें हस्ताक्षर सांपडतें. कित्येकदां तें मोडींत असतें. कुलवृक्ष सपाट पानांवर उतरविण्याचा हा एक जुना व यशस्वी प्रयत्न होय.

वृक्ष ओळींत कसा मांडावा, हाच प्रश्न पुढें गणकयंत्रापुढें आला. आय. बी. एम. कंपनीनें अपोलो चांद्रयोजनेच्या कामीं घडविलेल्या व १९६८ सालीं चालू झालेल्या पद्धतींत माहिती वृक्षाच्याच आकारानें ठेवीत; शोधणारास मुळापासून फांदीफांदीनें जावें लागे. १९७० सालीं त्याच कंपनींतील एडगर कॉड यांनीं सर्व माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी, असें प्रतिपादन केलें. पण कोष्टकास फांद्या कोठून असणार?

याचें उत्तर मराठी माणसाच्या नांवांतच आहे. स्वतःच्या नांवापुढें तो पित्याचें नांव लिहितो. प्रत्येक ओळींत पित्याची तेवढी खूण ठेवली, कीं सारा वृक्ष साठविला जातो. मात्र नातवास आज्याचें नांव ठेवण्याच्या चालीमुळें एकच नांव घराण्यांत पुनःपुन्हां येतें. म्हणून यंत्राच्या कोष्टकांत नांवाऐवजीं प्रत्येकास स्वतंत्र क्रमांक देतात.

साठविणें असें सोपें. विचारणें मात्र कठीण. पिता एका शोधांत मिळतो, आजा दुसऱ्या. आणि पिढ्या किती, हें आधीं ठाऊक नसतें. यावर एक युक्ति निघाली. प्रत्येकास आरंभाचा व अखेरचा असे दोन अंक द्यावयाचे. त्या दोहोंच्या दरम्यान ज्यांचे अंक पडतात, ते सारे त्याचे वंशज. शोध एका दमांत होतो, परंतु नवें मूल जन्मलें कीं पुढचे सारे अंक सरकवावे लागतात. अखेर १९९९ सालीं एस. क्यू. एल. या कोष्टकांच्या प्रश्नभाषेच्या प्रमाणित रूपांत, मिळालेल्या उत्तरावरून तोच प्रश्न पुन्हां विचारीत जाण्याची सोय झाली. उपाध्याय वहीचीं पानें उलटीत पिढ्यान्‌पिढ्या हेंच करीत आले होते.

एक गोष्ट मात्र दोघांनाहि असाध्य आहे. मधल्या एका पिढीची नोंद राहून गेली, तर तिच्यावरचे सारे पूर्वज वहींत असूनहि वंशजांस परके होतात. यात्रेकरूपुढें वही ठेवून मुलांनातवंडांचीं नांवें लिहावयास सांगतात, तें याचसाठीं.